दापोलीची दोन मुलं : बालपण, वियोग आणि चित्रकादंबरी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, जुन्या दापोली तालुक्यात, दोन घराण्यांची मुळं आहेत. पालगडच्या साने घराण्यात २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुढचे सानेगुरुजी, जन्मले. आंबडवे हे गाव आता मंडणगड तालुक्यात मोडतं. तिथल्या रामजी सकपाळांचा मुलगा भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत जन्मला. पुढं बाबासाहेब आंबेडकर झालेले भीमराव आठवणी लिहायला बसले तेव्हा त्यांनी आरंभीच नोंदवलं, की आमचं घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं. दोघांचीही आई लवकर गेली आणि दोघांनीही आपलं बालपण लिहून ठेवलं. एकाच्या आठवणींवर मराठी मुलांच्या पिढ्या वाढल्या. दुसऱ्याच्या आठवणी कितीतरी उशिरा, आणि त्याही चित्रांच्या पुस्तकातून, मुलांपर्यंत पोचू लागल्या.

मुलांच्या हाती दुःखाची पुस्तकं द्यावीत का, द्यायची तर कुणाच्या दुःखाची, आणि ते दुःख शब्दांऐवजी चित्रांत आलं तर त्याचं काय होतं, या तीन प्रश्नांची चर्चा मराठीत तुकड्यातुकड्यांनी होत आली आहे. या दोन मुलांना समोर ठेवलं की ते तुकडे जुळवून पाहता येतात.

बेचाळीस रात्री

‘श्यामची आई’ लिहिली गेली नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत. पुस्तक निघालं १९३५ साली. आश्रमातला श्याम सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. मातृप्रेमाचं पुस्तक म्हणून त्याची ओळख इतकी घट्ट झाली आहे, की ते मृत्यूंनी किती भरलेलं आहे याकडं सहसा कुणी पाहत नाही. धाकटा भाऊ यशवंत चौथ्याच रात्री जातो. मोरी गाय जाते. मग कर्ज येतं, आणि शेवटच्या दहा-बारा रात्री घराच्या पडझडीच्या आहेत : सावकार, जप्ती, तेल आहे तर मीठ नाही अशी अवस्था, आईचं आजारपण. आई जाते तेव्हा श्याम जवळ नसतो. तो पोचतो तेव्हा उरलेली असते ती राख, आणि त्या प्रकरणाचं नावच ‘भस्ममय मूर्ती’ आहे. सानेगुरुजींची आई यशोदाबाई २ नोव्हेंबर १९१७ रोजी गेली. पुस्तक लिहायला घेईपर्यंत मध्ये पंधरा वर्षं लोटली होती.

या पुस्तकाविषयीचं पहिलं मत सर्वांना ठाऊक आहे. ते म्हणतं, रडणं हाच संस्कार. दुसऱ्यासाठी डोळ्यांत पाणी येणं ही शिकण्याची गोष्ट आहे आणि ती लहानपणीच शिकावी लागते. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेला चित्रपट याच मतावर उभा होता. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम पाहायला माणसं मुलाबाळांसकट गेली. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं, आणि ‘श्यामची आई’ हे राष्ट्रीय मान्यतेचं मराठी दुःख झालं.

दुसरं मत हळूहळू वर आलं. श्याम फार रडतो, आई फार सोसते, आणि सोसणं हीच थोरवी असं मुलांच्या मनावर ठसतं. स्त्रीवादी वाचनानं हा आक्षेप नेमका केला : आईची देवी केली की तिला विश्रांती, औषध, घरातल्या पैशावर हक्क यांतलं काहीच द्यावं लागत नाही. आक्षेप वजनदार आहे. पण ‘अर्धनारी नटेश्वर’ ही रात्र वाचणाऱ्याला तो अपुरा वाटेल. तिथं मुलगा आईच्या बरोबरीनं बायकांची मानली गेलेली कामं करतो, आणि पुरुषानं ती शिकली पाहिजेत असं लेखक ठासून सांगतो. मला वाटतं, समर्थक आणि आक्षेपक दोघांनीही पुस्तकाचा मधला भाग घाईनं वाचला आहे.

तिसरं मत जातीच्या अंगानं येतं आणि आज तेच सर्वांत जिवंत आहे. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री रस्त्यात एक महार म्हातारी मोळीसाठी खोळंबली आहे. आई श्यामला ती मोळी उचलून द्यायला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. त्या काळच्या ब्राह्मण घरात पहिलं वाक्य मोठं होतं. दुसरं वाक्य त्या घराची हद्द दाखवतं. हेच सानेगुरुजी पुढं १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा त्या हद्दीपाशी ते थांबले नाहीत हे उघड आहे. पण पुस्तक लिहिलं गेलं १९३३ साली, आणि मोळीवाल्या म्हातारीच्या घरी त्या रात्री काय घडलं ते पुस्तकात येत नाही. तिच्याही नातवंडांना बालपण असणार.

एक दुवा फारसा कुणी जोडत नाही. श्यामचं घर खोताचं, उतरती कळा लागलेल्या खोताचं. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. श्यामच्या घरावर आलेली आपत्ती सावकाराची होती. पण ज्या व्यवस्थेत ते घर उभं होतं, तिच्या तळाशी कुळं होती. म्हणून श्यामचं रडणं खोटं ठरत नाही. त्याच्या शेजारी आणखी कुणाचं तरी रडणं ठेवून वाचावं लागतं, एवढंच.

उशिरा आलेली आठवण

ते शेजारचं रडणं लिहून झालं होतं. बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमाराला काही आत्मकथनपर टिपणं इंग्रजीत केली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ती १९९० साली पुस्तकरूपानं छापली. त्यांतली पहिली आठवण १९०१ सालची आहे. आई वारलेली. वडील गोरेगावला खजिनदार. साताऱ्यात आत्याच्या देखरेखीखाली राहणाऱ्या मुलांना वडिलांनी सुट्टीत बोलावलेलं. मुलं हरखून तयारी करतात : नवे सदरे, जरीच्या झगझगीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनवर उतरतात तर न्यायला कुणी नाही, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलेलंच नाही. स्टेशनमास्तर कपड्यांवरून त्यांना ब्राह्मणाची मुलं समजतो आणि महार म्हणताच चेहरा पालटून आपल्या खोलीत निघून जातो. बैलगाडी मिळते ती दुप्पट भाड्यानं, आणि हाकायची मुलांनीच. गाडीवान बाजूनं पायी चालतो. टोपलीत खायला आहे पण प्यायला पाणी नाही, म्हणून सगळे रात्रभर उपाशी.

ही आठवण वाचताना डोळ्यांत पाणी येतं का? बहुतेकांना राग येतो. लेखकानं कुठंही गहिवर आणलेला नाही. आई नाही हे एका वाक्यात सांगून तो पुढं सरकतो, कारण या गोष्टीत मुलाचं जे हरवतं ते आईपेक्षा वेगळं आहे. आपण नवे कपडे घातलेली मुलं आहोत ही समजूत त्या एका संध्याकाळी जाते. आई गेलेल्या मुलाभोवती निदान गाव जमतं. इथं गावानंच पाठ फिरवली होती.

रत्नागिरीपुरतं पाहिलं तर ही दुसरी वाट पुढं ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आली. बांबूच्या कामट्यांची आयदानं विणणारी आई, लहानपणीच गेलेले शिक्षक वडील, आणि शिक्षणाचा हट्ट. त्याआधी दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) होतं, प्र. ई. सोनकांबळेंचं ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) होतं. ही सारी पुस्तकं बालपणाविषयी आहेत, पण ती मुलांची पुस्तकं म्हणून कुणी मुलांच्या हाती दिली नाहीत. मुलांसाठी ‘श्यामची आई’ आणि मोठ्यांसाठी ‘बलुतं’ ही वाटणी कुणी ठरवून केली नव्हती, तरी ती झाली.

चौकटी मोडणारं पुस्तक

ती वाटणी २०११ साली एका पुस्तकानं ओलांडली. नवयान प्रकाशनाचं ‘भीमायन’, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं मध्य प्रदेशातल्या परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, प्रस्तावना जॉन बर्जर यांची. पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत आंबेडकरांच्या त्याच टिपणांतले प्रसंग येतात. बाहेरून एक आजचा संवाद गुंफलेला आहे, आरक्षणाबद्दल कुरकुरणाऱ्या माणसाशी झालेला. मध्येमध्ये आजच्या अत्याचारांच्या बातम्यांची कात्रणं आहेत.

या पुस्तकात चित्रं काय करतात ते नीट पाहायला हवं. व्याम दांपत्यानं नेहमीच्या कॉमिक्सच्या चौकोनी चौकटी नाकारल्या, कारण माणसांना खोक्यांत कोंबणं त्यांना पटलं नाही. त्याऐवजी गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात काढतात त्या दिग्न्याच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागलं आहे. बोलण्याचे फुगेसुद्धा ठरावीक नाहीत. मायेनं किंवा साधेपणानं बोललेलं पक्ष्याच्या आकारात येतं, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते, आणि मनातल्या विचाराच्या फुग्यात एक डोळा असतो. चौथीतलं पोरही पहिल्या दोन पानांत ही लिपी शिकतं. मसूरचा स्टेशनमास्तर काय म्हणाला हे न वाचताही, त्याच्या तोंडातून नांगी निघाली हे त्याला दिसतं. पाण्याच्या भागात पानभर मासे आणि पाण्यातले जीव आहेत. तहान लागलेल्या मुलाभोवती सगळ्या सृष्टीला पाणी मिळालेलं आहे, त्याला मात्र नाही.

‘भीमायन’ची स्तुती पुष्कळ झाली. आक्षेपही घेता येतात आणि ते हलके नाहीत. आंबेडकरी समाजानं आपली चित्रभाषा स्वतः घडवली आहे : निळा कोट, हातातली घटना, भिंतीवरची कॅलेंडरं, जयंतीच्या मिरवणुकीतली चित्रं. ती बाजूला ठेवून गोंड शैली घेतल्यानं गोष्ट परदेशी वाचकाला देखणी वाटते, पण औरंगाबादच्या किंवा चिपळूणच्या बौद्धवाडीतल्या मुलाला ती आपली वाटते का? उलट बाजूनं उत्तर असं, की एका वंचित समाजाच्या कलावंतांनी दुसऱ्याची व्यथा आपल्या भाषेत सांगितली, यातच त्या पुस्तकाचं राजकारण आहे. हा वाद मिटलेला नाही. माझा कौल चित्रांच्या बाजूनं आहे, कारण विंचवाची नांगी मुलं विसरत नाहीत.

चित्र जास्त दुखवतं का?

पालक आणि शिक्षक इथं थबकतात. शब्दातलं दुःख मूल आपल्या कुवतीनं उभं करतं, चित्रातलं तयार समोर येतं. त्यामुळं चित्राबद्दल जास्त सावध राहावं, असा एक विचार जगभर आहे आणि त्यानं निर्णयही घडवले आहेत. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये वडील आणि भावंडं गमावलेल्या केइजी नाकाझावांचं ‘बेअरफूट गेन’ १९७३ पासून जपानी मुलं वाचत आली. २०१२ च्या डिसेंबरात मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळानं ते शाळांच्या ग्रंथालयांत मुलांना सहज मिळू नये असं सुचवलं, आणि ओरड झाल्यावर पुढच्या ऑगस्टमध्ये सूचना मागं घेतली. मार्जान सत्रापींचं ‘पर्सेपोलिस’ २०१३ साली शिकागोच्या सातवीच्या वर्गांतून काढायला लावलं. ज्यूंना उंदीर आणि नाझींना मांजरं दाखवणारं, १९९२ साली पुलित्झर मिळालेलं आर्ट स्पीगलमन यांचं ‘माउस’ २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका शिक्षण मंडळानं आठवीच्या अभ्यासक्रमातून हटवलं.

उलट विचार जुना आहे. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ साली मांडलं, की परीकथांतली क्रूरता मुलांना घाबरवत नाही. आधीच मनात असलेल्या भीतीला ती आकार देते. चित्रकथेच्या अंगानं याला स्कॉट मॅक्क्लाउड यांच्या १९९३ च्या विवेचनाची जोड मिळते. दोन चित्रांमधल्या मोकळ्या जागेत घटना वाचकच घडवतो, म्हणून चित्रकथा वाचणारा निष्क्रिय नसतो. काश्मीरच्या मलिक सज्जाद यांच्या ‘मुन्नू’मध्ये (२०१५) काश्मिरी माणसं हंगुल हरणांच्या रूपात आहेत. वाचणारं मूल हरणाच्या जागी स्वतःला ठेवू शकतं, किंवा नको असेल तर हरीणच पाहू शकतं. ही सवड छायाचित्रात नसते.

महाराष्ट्रात चित्राबद्दलची धास्ती वेगळ्या कारणानं उफाळली. राज्यघटना गोगलगायीच्या गतीनं चालली आहे असं दाखवणारं शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होतं. त्यावरून २०१२ च्या मे महिन्यात संसदेत गदारोळ झाला, योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी सल्लागारपद सोडलं, आणि पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. तो प्रसंग बालसाहित्याचा नव्हता. पण चित्र वाचायला आपण कुणालाच शिकवत नाही, हे त्यानं दाखवलं. बिनशब्दांचं पान मूल किती वेळ पाहतं, काय विचारतं, घरी जाऊन काय सांगतं, याची पद्धतशीर नोंद मराठी शाळांत होईल तेव्हाच दोन्ही बाजूंचे दावे तपासता येतील. तोवर हा मुद्दा उघडाच आहे.

पिंगुळीचा वारसा

चित्रकादंबरी परकी, असं म्हणणाऱ्यांना कोकणातच उत्तर आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सांगत आले. एका पोथीत सुट्या कागदांवर चित्रं, कथेकरी एकेक चित्र पुढं करणार, जोडीला वीणा, टाळ, हुडुक, आणि गात गात रामायण-महाभारतातला प्रसंग सांगणार. ही परंपरा टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आज पिंगुळी सिंधुदुर्गात आहे, पण १ मे १९८१ पर्यंत तो भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता.

तरी वारसा आहे म्हणून आजची चित्रकादंबरी तयार आहे असं होत नाही. चित्रकथी मंडळीत बसून ऐकायची. चित्रकादंबरी एकट्यानं, पान उलटत. आई गेल्याचं दुःख मुलानं कसं भोगावं, चारचौघांत की कोपऱ्यात पुस्तक घेऊन, हा प्रश्न या फरकात दडलेला आहे. श्याम आपली गोष्ट सोबत्यांच्या घोळक्यात सांगतो. त्या अर्थानं तो पाश्चात्त्य चित्रकादंबरीतल्या एकट्या मुलापेक्षा पिंगुळीच्या कथेकऱ्याला जवळचा आहे.

मराठी मुलांना चित्रकथा मिळाल्या त्या बहुतेक बाहेरून : ‘चांदोबा’ (१९५२ पासून), इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्र कथा. ‘चिंटू’ (१९९१) घरचा, पण हसरा. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’, ‘यश’ अशा पुस्तकांत लेखन आणि चित्रं एका हातात आणली आणि मुलांच्या साध्या, कधी खिन्न क्षणांना जागा दिली. लांब पल्ल्याची, शोकाची, शंभर-दीडशे पानांची मराठी चित्रकादंबरी मात्र अजून परंपरा म्हणून उभी राहिलेली नाही.

न रडणारं दुःख

एक तिसरी वाट सीमाभागात तयार झाली. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००२) या संग्रहांतला लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडं वाढतो. स्वतः संत नऊ वर्षांचे असताना, १९४६ साली, त्यांचे वडील ना. मा. संत गेले. आई इंदिरा संत यांच्या कवितेत तो विरह उघड आहे. मुलाच्या कथांत तो खोड्यांच्या, संगीताच्या, वासांच्या, वेड्यावाकड्या तर्काच्या आड राहतो. इथं संस्कारही नाही आणि आरोपही नाही. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ (२०१४) या चित्रपटानं हाच सूर लावला : वडील वारल्यावर आईच्या बदलीबरोबर कोकणात आलेला मुलगा, पाऊस, नवी दोस्ती. बर्लिन महोत्सवात मुलांच्याच ज्यूरीनं त्याला क्रिस्टल बेअर दिलं. दुःखाची गोष्ट मुलांना पेलत नाही म्हणणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात घ्यावा. २०२३ साली सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा केली ती कृष्णधवल. ‘लंपन’ २०२४ साली वेबमालिका होऊन आला आणि त्या वर्षीच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम वेबमालिका ठरला. म्हणजे बालपणाच्या शोकाला प्रेक्षक आहे.

आता काय अडलं आहे

अडचण साहित्याची नाही. सानेगुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. कायद्याप्रमाणं साठ वर्षं भरून १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ सर्वांना खुली आहे. चित्रकार आहेत, वारसा आहे, वाचकही आहे. गाठ पैशाची आहे. दीडशे पानांची चित्रकादंबरी काढायला चित्रकाराला वर्षं लागतात, आणि चित्रामागं इतके रुपये या हिशेबानं ती निघत नाही. स्पीगलमन यांचं ‘माउस’सुद्धा एकदम आलं नव्हतं. १९८० पासून ते एका नियतकालिकातून थोडंथोडं येत गेलं आणि दुसरा खंड पुरा व्हायला १९९१ उजाडलं.

अशी सोय मराठीत आधीपासून आहे. ‘मनोरंजन’नं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दरवर्षी शेकडो संपादक नवं लेखन मागतात. त्यांना विनंती इतकीच : येत्या अंकात सोळा पानं एका लेखक-चित्रकार जोडीला द्या, चित्रकाराचं नाव लेखकाच्या बरोबरीनं छापा, मानधन दोघांना सारखं द्या, आणि पुढच्या वर्षी पुढची सोळा पानं मागा. सुरुवात पालगडच्या मुलापासून करा किंवा मसूर स्टेशनवर उभ्या असलेल्या मुलापासून. दोघांनाही एकाच अंकात जागा मिळाली तर फारच चांगलं.